एका गुणानं हरल्यानंतर

तुमच्या कॉलेजात बेसबॉलची टीम आहे का? बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण विद्यापीठाच्या स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही असतात. आमच्या वडूजकडची पोरंपोरीही त्यासाठी घाम गाळतात. माझा एक मित्र त्यातलाच. त्याचं नाव छापलं तर तो मला येरळेत बुडवेल (येरळेला पाणी असेल तेव्हा), म्हणून नुसतं मित्र म्हणते.

मागच्या वर्षी तो सिलेक्शनला गेला. बॅटिंगला आला, तीन वेळा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेत. स्ट्राइक-आउट. इथपर्यंत ठीक. मग तो फिल्डिंगला गेला आणि थेट हातात आलेला कॅच सोडला. शाळेतल्या पोरानंही घेतला असता असा. नंतर चहाच्या टपरीवर तो मला सांगत होता, की कॅच आला तेव्हा तो मैदानावर नव्हताच, अजून पहिल्या हुकलेल्या बॉलमध्ये अडकला होता. पुढचे पंधरा दिवस तो प्रॅक्टिसला गेला नाही. मोबाईलवर माइंडसेटचे रील बघत बसला. ढोल वाजतोय, एक माणूस पहाटे चारला उठून टायर उलटा करतोय आणि वरून कुणीतरी खर्जातल्या आवाजात सांगतंय, की सगळं तुझ्याच हातात आहे.

तेव्हाच आमच्या पानाच्या ताईंनी मला विषय दिला : खेळाडूचं मन. मी आधी अमेरिकेकडं धावले, कारण बेसबॉलवाल्यांनी या विषयाचा चांगलाच कीस पाडलाय. आणि त्याला कारण आहे. हा खेळच हरण्यावर उभा आहे. दहा वेळा बॅटिंगला जाऊन जो तीनदा हिट मारतो, तो तिथं भारी बॅटर समजला जातो. १९४१ च्या मोसमात टेड विल्यम्सची सरासरी होती ०.४०६. म्हणजे दहात जेमतेम चार. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या कुठल्याच बॅटरनं मोसमभर चारशेचा आकडा गाठलेला नाही, असं तिथं अजून कौतुकानं सांगतात. म्हणजे चांगल्यातला चांगला खेळाडूसुद्धा दहातून सहा-सात वेळा मान खाली घालून परत येतो. म्हणून तिथले कोच पोरांना शिकवतात, की एक बॉल झाला की बॉक्सच्या बाहेर पाऊल टाक, एक श्वास घे, एखाद्या ठरवलेल्या गोष्टीकडं बघ, मग आत ये. मागचा बॉल बाहेर ठेवून ये.

हे सगळं वहीत उतरवून घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी हे शोधायला उगाच सातासमुद्रापार गेले. वडूजहून पुसेसावळीच्या बाजूनं कराडला जाणारी एसटी पकडली असती तरी काम झालं असतं. कराडला लागून गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथल्या पैलवानाचं नाव तुम्हाला माहीत आहे : खाशाबा जाधव. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आपल्याकडं राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी कॉलेजात फोटोला हार घालतात, कुणीतरी सांगतं की स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, १९५२, हेलसिंकी, ब्राँझ. टाळ्या होतात आणि आपण कँटीनला जातो. मीही तीन वर्षं तेच केलं.

पण त्यांच्या आयुष्यात पदकापेक्षा जास्त वेळा काय घडलं माहितीये? ते अडले. कुणीतरी नाही म्हटलं, कुठंतरी गुण कमी पडला, कुठंतरी पैसे कमी पडले. त्या प्रत्येक वेळी पुढच्या दिवशी त्यांनी काय केलं, ते मी जमवत गेले. ते तुम्हाला सांगते.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १९२६ चा. पाच भावांतले सगळ्यांत धाकटे. वडील पैलवान, घरात कुस्ती आधीपासूनचीच. आपल्या भागात याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको. औंधच्या यमाईच्या जत्रेतलं किंवा आपल्या गावच्या जत्रेतलं मैदान आठवा. हलगी कडाडते आणि सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. चड्डी सावरत एखादं सहा-सात वर्षांचं पोर मातीत उतरतं, आपटतं, रडत उठतं, आणि त्याचा बाप किंवा चुलता त्याला पुन्हा पुढच्या जोडीत ढकलतो. आपल्याकडं हरायची सवय इतक्या लवकर लागते. खाशाबा याच मातीतले. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. कुस्तीबरोबर पोहणं, धावणंही चालायचं.

१९४२ साली ते सोळा वर्षांचे होते. ते साल वडूजकराला शिकवावं लागत नाही. ९ सप्टेंबरला परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं मेली. आपण स्टँडवर उतरल्यावर ज्या हुतात्म्यांची नावं ऐकत मोठे झालो, ती याच दिवसाची. सातारा जिल्हा पेटलेला होता. तिकडं कराडकडं शाळकरी खाशाबा भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, त्यांची पत्रकं पोचवणं अशा कामांत होते. हे त्यांच्या चरित्रात एका ओळीत येतं आणि निघून जातं, मीही पुढं जाते. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की पहिल्या मोठ्या सामन्याला उभं राहण्याआधीच या पोरानं प्रेशर म्हणजे काय ते दुसऱ्या रूपात बघितलेलं होतं.

पुढं शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तालमी, वस्ताद, खुराक, आणि समोर धिप्पाड मल्ल. खाशाबांची उंची साधारण साडेपाच फूट. अंगानं आडदांड नाहीत, बघताक्षणी पैलवान वाटणार नाहीत असे. त्यांची एक हकिकत कोल्हापुरात अजून सांगितली जाते. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेले, तर खेळाच्या शिक्षकांनी शरीरयष्टी बघून नाव घ्यायला नकार दिला. आता तुम्ही काय केलं असतं? मी घरी गेले असते आणि स्टेटसला काहीतरी टोचणारं टाकलं असतं. खाशाबा थेट प्राचार्यांकडं गेले आणि परवानगी मागितली. ती मिळाली. मग आखाड्यात उतरून त्यांनी आपल्यापेक्षा मोठ्या अंगाची पोरं पाडली.

मला यातली पाडापाडी तितकी महत्त्वाची वाटत नाही, ते परवानगी मागायला गेले ही गोष्ट वाटते. आपल्याकडं मनानं खंबीर म्हणजे गप्प सोसणारा, असा एक समज आहे. खाशाबा बोलायचे कमी, पण योग्य दारात जाऊन विचारायला लाजायचे नाहीत. ही सवय पुढं त्यांच्या फार कामाला आली.

बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. त्यांच्या हाताखाली तयार झालेले खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला निघाले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत होतं. आणि लंडनला गेल्यावर या बावीस वर्षांच्या पैलवानासमोर जे आलं, ते जरा नीट समजून घेऊ. कारण खरा पेपर इथं होता.

आपली कुस्ती मातीतली. माती पायाला धरते. समोरच्याला चीत करायचं, म्हणजे पाठ जमिनीला टेकवायची, की निकाल. गुण वगैरे काही नाही. वेळेचीही घाई नसते. खडाखडी चालते, दोघं एकमेकांचा अंदाज घेतात, मोठा मल्ल समोरच्याला नुसतं दमवत राहतो, आणि नाहीच लागला निकाल तर कुस्ती बरोबरीत सोडवतात. ऑलिम्पिकची कुस्ती गादीवर. पायात बूट. गादी पायाला धरत नाही, त्यामुळं सगळं एकदम वेगात घडतं. वेळ ठरलेली. चीत झालं नाही तरी पंच गुणांवर निकाल देतात. म्हणजे मातीत जे शहाणपण असतं, थांबणं, तोलणं, वाट बघणं, तेच इथं तुम्हाला हरवू शकतं. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट ऐन सामन्यात बाजूला ठेवायची. आपल्या क्रिकेट खेळणाऱ्या पोराच्या हातात एकदम बेसबॉलची बॅट दिली की तो पहिला बॉल सरळ बॅटनं तटवायला जातो, तसंच काहीसं. हात ऐकत नाही.

तिथं त्यांना मार्गदर्शन मिळालं रीस गार्डनर यांचं. काही दिवसांत जेवढं शिकता येईल तेवढं खाशाबांनी शिकून घेतलं आणि गादीवर उतरले. फ्लायवेट गटात, म्हणजे सगळ्यांत हलक्या वजनात, त्यांनी ऑस्ट्रेलियाचा आणि अमेरिकेचा पैलवान हरवला. पुढं इराणच्या मन्सूर रईसीनं त्यांना अडवलं. शेवटी सहावा क्रमांक.

जगात सहावा! आज आपल्या तालुक्यातलं कुणी जगात सहावं आलं तर वडूजच्या चौकात आठ दिवस फ्लेक्स उतरणार नाहीत. खाशाबांनी ते सहावेपण घेऊन काय केलं? त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत असल्याचं नाटक मी करणार नाही. पण त्यांनी पुढची चार वर्षं काय केलं ते समोर आहे. ते घरी आले, पुन्हा मेहनतीला लागले, आणि पुढच्या ऑलिम्पिकला उतरले ते एक वजनगट वर चढून, बँटमवेटला, ५७ किलोत. आपल्या तालमींत तेव्हा गादी सहज मिळत नव्हती, सराव मातीतच. तरी डोक्यात गादीची कुस्ती पक्की ठेवायची, वेग ठेवायचा, गुणांचा हिशोब ठेवायचा. मी हरलो एवढ्यावर ते थांबले नाहीत. कशानं हरलो हे त्यांना कळलं होतं, आणि ते दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

माझ्या मित्राला मी हेच विचारलं, तू तिन्ही वेळा कसा चुकलास? त्याला सांगता आलं नाही. बॉल खाली गेला की बॅट उशिरा आली, काहीच नाही. त्याला फक्त वाईट वाटल्याचं आठवत होतं.

आता येतो तो एका गुणाचा किस्सा.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवड व्हायची होती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांसमोर होते निरंजन दास. खाशाबा हरले, एका गुणानं. गुण देण्यात अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं होतं. आपणही कितीदा म्हणतो हे? पेपर तपासणाऱ्यानं मार्क कापले, अंपायरनं चुकीचा आउट दिला, सिलेक्टरची पोरं आधीच ठरलेली असतात. कधी ते खरं असतं, कधी नसतं. पण म्हणून झाल्यावर बहुतेक वेळा आपण तिथंच बसतो. खाशाबांनी दाद मागितली. पतियाळाच्या महाराजांचं क्रीडाक्षेत्रात तेव्हा मोठं वजन होतं, त्यांच्यापर्यंत हा विषय गेला. निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती लावायचं ठरलं. खाशाबांनी ती जिंकली आणि हेलसिंकीचं नाव पक्कं केलं.

यातला नाजूक भाग बघा. तक्रार करायची आणि त्याच वेळी सरावही चालू ठेवायचा. तक्रारीचा निकाल आपल्या बाजूनं लागला आणि त्या दिवशी अंग तयार नसेल, तर काय उपयोग? आणि नुसता सराव करत गप्प बसलं असतं तर ती दुसरी कुस्ती लागलीच नसती. दोन्ही एकाच माणसानं, एकाच वेळी करायचं. टायर उलटा करणाऱ्या रीलमध्ये हे कुणी सांगत नाही.

मग पैसे. हा भाग वाचताना मला राग येतो, तुम्हालाही येईल. देशाचा निवडलेला पैलवान, आणि जायला पैसे नाहीत. सरकारकडून हवी तशी मदत वेळेवर हातात आली नाही. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. पैलवानाच्या घरचे दारोदार फिरले. आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. १९५२ चे ७ हजार! एका विद्यार्थ्यासाठी. आपल्यापैकी कितीजणांच्या मागं असा माणूस उभा असेल, हा प्रश्न मला रात्री छळत होता. सगळं तुझ्याच हातात आहे म्हणणाऱ्यांना खर्डेकर सरांबद्दल सांगायला हवं. खाशाबांचं मन कितीही पोलादी असो, घर गहाण पडलं नसतं तर ते मन कराडातच राहिलं असतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. विचार करा, हे ओझं घेऊन तुम्ही गादीवर उतरताय. तुम्ही हरलात तर कुणाचं तरी घर जाणार. आपल्याला सेमिस्टरची फी बापानं उसनवारी करून भरली एवढ्यावर परीक्षेत हात थरथरतो. ज्यांच्या घरी ही परिस्थिती आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

हेलसिंकी. फिनलंड. जुलै महिना. खाशाबांनी कॅनडाच्या पैलवानाला हरवलं, मेक्सिकोच्या पैलवानाला हरवलं, जर्मनीच्या पैलवानाला हरवलं. मग जपानचा शोहाची इशी. हा मूळचा ज्युदोवाला, नंतर कुस्तीकडं वळलेला. महायुद्धानंतर जपानला १९४८ च्या ऑलिम्पिकला बोलावलंच नव्हतं, त्यामुळं हेलसिंकी ही त्या देशाची परतीची वेळ होती, आणि पुढं त्या स्पर्धेत जपानला मिळालेलं एकमेव सुवर्ण याच इशीनं जिंकलं. त्याच्याशी खाशाबांची कुस्ती लांबली, दमवणारी झाली, आणि गेली.

त्यानंतरची हकिकत कराड-कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इशीशी झुंजून अंग मोडलेलं असताना खाशाबांना जवळजवळ लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती हवी असा नियम होता. पण तो नियम पंचांसमोर मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. परक्या भाषेत, दमलेल्या अवस्थेत, एकटा माणूस. मद्रासच्या वेळी दाद मागायला दार होतं, इथं तेही नव्हतं. खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममादबेयोवला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२.

इथं मी बराच वेळ अडकले. माइंडसेटच्या लेखात मी काय लिहू? की मन खंबीर होतं म्हणून ब्राँझ मिळालं? मग शेवटची कुस्ती हरले तेव्हा मन कुठं गेलं होतं? अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली असती तर काय झालं असतं, कुणी सांगू शकत नाही. आणि आणखी एक नाव घेते. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचेच केशव माणगावे वरच्या वजनगटात चौथे आले. पदक एका पायरीवर राहिलं. त्यांचं मन काय कच्चं होतं? त्यांनी मेहनत कमी केली होती? तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव आजच्या आधी ऐकलं होतं, हात वर करा. मीही नव्हतं ऐकलं. तिसरा आणि चौथा यांच्यात जे अंतर असतं त्याला दरवेळी मनाची ताकद म्हणणं मला आता जड जातं.

म्हणून मी पदकाची गोष्ट बाजूला ठेवून, शेवटची कुस्ती हरल्यानंतरचे खाशाबा बघते. ते भारतात परतले. कराड स्टेशनवर उतरले तेव्हा दीडशेच्या आसपास बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतचं अंतर एरवी गाडीनं पाऊण तासही लागत नाही असं. मिरवणुकीला त्या दिवशी सात तास लागले. त्या काळात टीव्ही नाही, मोबाईल नाही, तरी गावोगावची माणसं आपापल्या गाड्या जुंपून आली होती. देशाच्या पातळीवर मात्र त्या वर्षीचा गजर हॉकीचा होता, हॉकी संघानं सुवर्ण आणलं होतं. खाशाबांचं मोठं कौतुक झालं ते आपल्या या मातीत.

आणि गुलाल धुतल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं असेल? कुस्त्यांचं मैदान भरवलं. त्यात स्वतः लढले. इनामाचे आणि तिकिटाचे जे पैसे जमले त्यातून खर्डेकर सरांचं कर्ज फेडलं, गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिम्पिक पदकविजेता पुन्हा लाल मातीत उतरला, सरांचं घर सोडवायला. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड कुस्ती ही असावी. इथं एखाद्या गावच्या मल्लानं पाडलं असतं तर? केवढी नाचक्की! पदक मिळालेला माणूस सहसा जपून राहतो, नाव राखतो. यांनी नाव पणाला लावलं.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते, कारण त्यात चमक कमी आणि नोकरी जास्त आहे. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, इतरांना शिकवलं. १९५६ च्या मेलबर्नला जायची आशा होती, पण गुडघ्याच्या दुखापतीनं ते राहिलं. या वेळी ना मैदानात चूक होती, ना कुणाचा अन्याय, शरीरानंच नाही म्हटलं. सत्तावीस वर्षं नोकरी करून ते असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला. पण पेन्शनसाठी झगडावं लागलं, आणि ज्या मानसन्मानांवर त्यांचा हक्क होता ते त्यांच्या हयातीत आले नाहीत. १४ ऑगस्ट १९८४ ला कराडजवळ रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अठ्ठावन्न.

शिवछत्रपती पुरस्कार त्यानंतर मिळाला, नव्वदच्या दशकात. अर्जुन पुरस्कार त्याच्याही नंतर. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या संकुलाला त्यांचं नाव दिलं. वैयक्तिक ऑलिम्पिक पदक भारताला पुन्हा मिळालं ते थेट १९९६ साली, लिएंडर पेसचं, तेही ब्राँझ. आणि महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडलं : पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, नेमबाजीत. मधे बहात्तर वर्षं गेली. टीव्हीवर स्वप्नीलचा सामना बघताना आमच्या घरात सगळे ओरडत होते आणि आजोबा एकटेच खाशाबांचं नाव घेत होते. तेव्हा मला वाटलं होतं, आजोबांचं आपलं काहीतरी चाललंय.

हे सगळं मी माझ्या मित्राला सांगितलं. मला वाटलं होतं तो एकदम पेटून उठेल, पण तसं काही झालं नाही. त्यानं फक्त विचारलं, की मद्रासच्या आणि दुसऱ्या कुस्तीच्या मधल्या दिवसांत खाशाबा रोज काय करत असतील. मी म्हटलं, मेहनत करत असतील, आणि काय. तो म्हणाला, की ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो प्रॅक्टिसला गेला. बरोबर एक वही होती. आता प्रत्येक बॅटिंगनंतर तो कडेला बसून लिहितो : बॉल कुठं आला, बॅट कधी आली, पाय कुठं होता. बाकीची पोरं त्याला तलाठी म्हणून चिडवतात. पहिल्या दिवशीच्या पानावर मी डोकावले तेव्हा सात नोंदी होत्या, त्यातल्या पाच हुकल्याच्या. पाचपैकी चार वेळा बॉल बाहेरच्या बाजूचा आणि खाली होता.

तुम्हाला गोळेश्वर बघायचं असेल तर सोपं आहे. वडूजहून कराड, कराडहून रिक्षा. गावात ऑलिम्पिक निवास विचारा, कुणीही दाखवेल. खाशाबांचं घर त्याच नावानं ओळखतात.